पंच क्रमांक दोन

नाव शिवमूर्ती. वय तेव्हा चौतीस. धंदा पंक्चर.
हवालदाराने विचारलं, सही येते?
म्हटलं, येते, जरा कानडी वळणाची.
एवढ्यावर मी हरेश्वर केणींच्या खुनाचा
पंच क्रमांक दोन झालो.

घणसोलीच्या तळ्याकाठी, देवळाच्या मागल्या अंगाला
पांढरी ॲम्बेसेडर डाव्या कुशीवर कललेली,
मागचं चाक बसलेलं.
आत शेठ. मांडीवर कागदाचा पुडा, पुड्यात सुके बोंबील.
दारावर भोकं पाच.
मी बोट लावून मोजली. माझं कामच ते.

पाच, असं मी लिहून दिलं.
आठवड्याने पेपरात सात झाली,
शोकसभेत अकरा,
आणि मतदानाच्या रांगेत एकाने मला
आईची शपथ घेऊन सांगितलं
की भोकं आतून बाहेर पडलेली.

मग काय.
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर सही हवी होती, दिली नाही, म्हणे.
रेतीवाले, म्हणे.
मेहुणा, कारण मेहुणा तेराव्याला हसला.
पक्षानेच केलं, कारण जिता केणी पडला असता
आणि मेलेला निवडून आला, बायकोच्या नावाने.
लाइट आठ मिनिटं गेली होती.
लाइट रोजच जायची,
पण त्या दिवशीच्या जाण्याला अर्थ होता.
दगडखाणीचा मुकादम तर सांगायचा,
शेठ मेलेच नाहीत, मस्कतला असतात,
दाढी ठेवलीय, तिथेही टँकरचाच धंदा.

मी ऐकायचो, ट्यूब घमेल्यात दाबून
बुडबुड्याची वाट बघत.

केणीबाई एकदा दुकानात आल्या. नगरसेविका होऊन
महिना झाला असेल, पोलीस बाहेर उभा.
खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुमी व्हते ना तवा?
त्यांचं डोलं उघरं व्हतं का?"
मिटलेले होते, म्हणालो.
पंचनाम्यात उघडे आहेत. पान दुसरं, खाली माझी सही.

पंधरा दिवसांत गावात नवीन निघालं:
डोळे मिटलेले होते, म्हणजे
आधी चहातून गुंगीचं दिलं,
म्हणजे चहा देणारा घरातलाच.
मेहुण्याने गाव सोडलं.

परवा एक पोरगा आला, बापाची जुनी स्प्लेंडर ढकलत.
केणी चौकातच बसली म्हणाला.
मग फोनवर कुणाला तरी त्या नावाची कहाणी सांगू लागला:
"अरे, खरा गेम पंक्चरवाल्याचा.
सकाळी चाक त्याच्याकडे गेलेलं,
त्याने मुद्दाम कच्चा पॅच मारला.
गाडी बरोबर तळ्यावर बसली. तेव्हापासून तो गायब."
मी त्याच्या टायरात बोटं फिरवत होतो.
विचारलं, किती मिळाले असतील रे त्याला?
"पाच पेटी, काका. तेव्हाचे."

तेव्हाचे पाच.
रबाळ्याची खोली पक्की झाली असती.
थोरली बारावीवर थांबली नसती.
क्षणभर मला त्या माणसाचा हेवा वाटला.

चाक सकाळी आलं होतं, एवढं खरं आहे.
खिळा निघाला, साधा, दीड इंची, मांडवाचा.
मांडव केणींच्याच प्रचाराचा.
सोल्युशन तळाला गेलेलं, मी म्हटलं नवी ट्यूब टाका,
ड्रायव्हर म्हणाला, घाई आहे.
घासलं, लावलं, फुंकर मारली.
वाळलं होतं का पुरतं?
पंचनाम्यात हा रकाना नव्हता.
कोर्टात कुणी विचारलं नाही.
सव्वीस वर्षं मीच विचारतोय,
तेही रोज नाही.

पोराच्या ट्यूबवर पॅच बसवला
आणि अंगठा तसाच दाबून धरला.
रस्त्यावरून दोन कंटेनर गेले, एक शाळेची बस,
एक वरात, नवरदेवाविना.
"काका," तो म्हणाला, "झालं असेल ना आता?
मला घाई आहे."